सिंगापूर–न्यूयॉर्क: थेट जावं की फ्रँकफर्टमार्गे?

आईला एकटीला पाठवायचंय, कोणतं तिकीट काढू, असं मैत्रिणीने विचारलं.

अंतराचा फरक वाटतो तेवढा नाही. थेट सुमारे १५,३०० किमी, फ्रँकफर्टमार्गे साधारण १६,५००. खरा फरक वेळेचा. थेट विमान जवळपास १९ तास घेतं; मधला थांबा धरून दुसरीकडे २४ च्या आसपास जातात, कारण पुन्हा उतरणं, तपासणी, चढणं आलंच.

पैशांचं म्हणाल तर सिंगापूर एअरलाइन्सच्या थेट विमानात साधा इकॉनॉमी वर्गच नसतो, प्रीमियमपासून सुरुवात. तिथे खिसा हलका होतो.

गुडघे आखडत असतील, बजेट मोजकं असेल, तर फ्रँकफर्ट. पाय मोकळे होतात. पण परक्या विमानतळावर गोंधळणाऱ्या आईसाठी मी थेटच काढेन.