घोड्याच्या आतड्यासाठी आल्शियन ब्लू-पास किट: निळा चोख, शिफवर नजर हवी

आतड्यातल्या म्युसिन (चिकट श्लेष्म) स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी बघायच्या असतील तर हे तयार रंजन किट जरूर घ्या, ग्रंथींच्या तळाशी असलेल्या पॅनेथ पेशींसाठी मात्र नको. डब्यात चार बाटल्या येतात: पीएच २.५ चा आल्शियन ब्लू (३ टक्के ॲसिटिक आम्लात १ टक्का), पिरियॉडिक आम्ल, शिफ (या दोघांच्या रंजनालाच पास म्हणतात) आणि केंद्रकं रंगवणारं हिमॅटॉक्सिलिन.

एच-ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंजनाच्या) स्लाइडवर गॉब्लेट पेशी म्हणजे नुसत्या पांढुरक्या पोकळ्या. या किटने त्यांतलं म्युसिन ठसठशीत उठतं आणि तळाशी दबलेलं चपटं केंद्रक वेगळं कळतं. आम्लधर्मी म्युसिन निळं, उदासीन किरमिजी, दोन्ही एकत्र असेल तर जांभळं. कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) ग्रंथींत या पेशी दाटीने असतात, म्हणून तुलनेचा कंट्रोल म्हणून कोलनचाच सेक्शन (पातळ काप) ठेवावा.

४ ते ५ मायक्रॉनचा सेक्शन, आल्शियन ब्लू ३० मिनिटं, नळाखाली धुणं, पिरियॉडिक आम्ल ५ ते १० मिनिटं, मग डिस्टिल्ड पाणी, शिफ १५ मिनिटं आणि वाहत्या पाण्यात १० मिनिटं. गुलाबी खुलतो तो या शेवटच्या पाण्यात, तिथं घाई नको. हिमॅटॉक्सिलिन अगदी फिकं ठेवा. गडद झालं की जांभळं म्युसिन आणि केंद्रक यांत गल्लत होते.

कमकुवत बाटली शिफची. ४ अंशांवर, अंधारात ठेवली नाही तर ती आपोआप गुलाबी होते. वापरण्याआधी तीव्र फॉर्मॅलिनमध्ये काही थेंब टाकून बघा: लगेच लालसर जांभळा आला तर ठीक, उशिरा आणि निळसर आला तर बाटली फेका.

आम्लधर्मी म्युसिनचे सल्फेटवालं आणि कार्बॉक्सिलवालं हे दोन्ही प्रकार पीएच २.५ वर निळेच दिसतात. फक्त सल्फेटवालं हवं तर पीएच १.० चं द्रावण लागतं, ते डब्यात नाही. त्यानंतर पाण्याने न धुता टिपकागदाने टिपायचं, नाहीतर पीएच चढतो आणि नको ते रंगतं.

व्हिलायचं (आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांचं) आवरण सुटून आलं तर दोष किटचा नाही. जनावर मेल्यावर आतडं फार लवकर विरघळायला लागतं. तुकडा उघडून, सपाट टाचून लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, किमान दहापट द्रावणात टाकायला हवा.

लहान आतड्यातल्या ग्रंथींच्या तळाशी असलेल्या पॅनेथ पेशींचे कण इओसिननेच लालभडक दिसतात. अधिक स्पष्ट हवे तर फ्लॉक्सिन-टार्ट्राझिन हे वेगळं रंजन. बुआँसारख्या ॲसिटिक आम्लाच्या फिक्सेटिव्हमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) हे कण टिकत नाहीत. हार्मोन स्रवणाऱ्या पेशीही या किटने दिसणार नाहीत, त्यांना चांदीचं रंजन किंवा क्रोमोग्रॅनिन या त्यांच्यातल्या प्रथिनाची प्रतिपिंडं लागतात.

रोज स्लाइड होत नसतील तर लहान पॅकच घ्या; आल्शियन ब्लू संपायच्या आधी शिफ जाईल.