लांब वळणावरचं मिसिंग आणि फ्युएल प्रेशर गेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

उजवीकडच्या लांब वळणावर गाडी मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधेमधे चुकतं, आणि रस्ता सरळ झाला की पुन्हा ठणठणीत चालते. ही तक्रार घेऊन गॅरेजात गेलात की उत्तर बहुधा एकच मिळतं, "साहेब, पंप गेलाय, नवा टाकू." पेट्रोलचा पंप बदलायला माझी हरकत नव्हती, पण आधी पुरावा हवा होता. म्हणून मुंबईतल्या ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून सेन्सरवाला फ्युएल प्रेशर गेज, म्हणजे पेट्रोलचा दाब दाखवणारं मीटर, आणला. पावसाळ्याच्या तोंडावर बसवला आणि आता थंडी सरली आहे.

गाडी जुनी, 1.3 लिटर पेट्रोल, 80 च्या आसपास अश्वशक्तीची. टाकी मागच्या सीटखाली, पंप आणि दाब कायम राखणारा रेग्युलेटर दोन्ही टाकीतच. रेग्युलेटर टाकीत असल्यामुळे रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, काय आणि फुल रेसला काय, 3 बारच (बार हे दाबाचं एकक) राहायला हवा. काटा हलला की काहीतरी बिघडलंय, एवढं सरळ गणित.

गेज घेण्याआधी एक फुकटातली परीक्षा जरूर करा. टाकी फुल करून त्याच वळणावरून त्याच वेगाने जा आणि पाव टाकीवर पुन्हा जा. माझी गाडी फुल टाकीवर एकदाही चुकली नाही, पाव टाकीवर मात्र हमखास चुकायची, तीही फक्त उजव्या वळणावर. ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर सैल असती तर टाकीत पेट्रोल किती आहे याच्याशी तिला काय देणंघेणं? ज्यांच्या गाडीला ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) आहे त्यांनी तिचा दिवा लुकलुकतो का तेही पाहावं. ईएसपी पॉवर कापते तेव्हा अगदी असंच जाणवतं. आणि वळणावर ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर बाकी सगळं सोडून गाडी थांबवा.

यासाठी फार वेगही लागत नाही. 30 मीटर त्रिज्येच्या गोल रॅम्पवर ताशी 40 किलोमीटरने गेलं तरी बाजूचा जोर 0.4 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 0.4 पटीच्या) घरात जातो आणि टाकीतलं पेट्रोल 22-23 अंशांनी कलतं. ताट कलतं केलं की आमटी जशी एका कडेला जमते, तसं. खरा प्रश्न किती वेळ कलतं याचा. जेजे उड्डाणपुलाची वळणं चटकन संपतात, तिथे कधी त्रास झाला नाही. लांब गोल रॅम्पवर आणि मोकळ्या मैदानावरच्या ऑटोक्रॉस शर्यतीत प्लास्टिकच्या शंकूंभोवती फिरताना मात्र व्हायचा.

ओबीडी रीडरने (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्राने) हे सुटत नाही. माझी गाडी त्यावर इंधनाचा दाब दाखवतच नाही. ऑक्सिजन सेन्सर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतो, पण स्पार्क चुकला तरी न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि तो लीनच दाखवतो. आधी काय घडलं, हे कळणं महत्त्वाचं. गेजवर ते स्वच्छ दिसलं. आधी दाब 3 वरून दीडच्या खाली, मग मिसिंग. दाब निम्मा झाला तरी इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून साधारण 70 टक्के पेट्रोल येतं, त्यामुळे गाडी आधी मरगळते आणि मग झटके देते. सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये फुल रेस धरली तेव्हा दाब जागचा हलला नाही. पंप कमजोर किंवा फिल्टर तुंबलेला असता तर तो तिथेच पडला असता.

मग उरतं ते टाकीच्या आत पंपाभोवती असणारं छोटं भांडं, पेट्रोल कलंडलं तरी पंपाला पुरवठा चालू ठेवणारं. इतकं इंजिन फुल रेसला तासाला 25 लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, म्हणजे सेकंदाला सुमारे 7 मिलिलिटर. रेग्युलेटरमधून परतणारं पेट्रोल त्याच भांड्यात पडतं, म्हणून अर्धा लिटरचं भांडंसुद्धा मिनिटभर पुरायला हवं. माझं काही सेकंदांत रिकामं होत होतं. सीट उचलून पंप आणि भांड्याचं एकत्र मॉड्यूल काढलं, तर भांड्याच्या तळाची रबरी झडप ताठ होऊन अर्धवट उघडी राहिली होती. पेट्रोल कलंडलं की भांड्यातलंही त्याच्यामागे निघून जायचं. पूर्ण मॉड्यूल नवं बसवलं. आता रिझर्व्हचा दिवा लागल्यावरही त्याच रॅम्पवर काटा 3 वरच असतो. दुरुस्ती झाली हे डोळ्यांनी पाहता येणं, यासाठी गेजचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

आता गेजबद्दल. सर्वात उपयोगी गोष्ट म्हणजे बझर आणि किमान दाब लक्षात ठेवण्याची सोय, कारण वळणावर नजर रस्त्यावरच हवी. बझर मी 2.4 बारला लावलाय. पावसात काचा बंद असतानाही तो मला पुरतो, पण आवाज आणखी मोठा चालला असता. दुपारच्या उन्हात आकडे फिके दिसतात. जुलैच्या पावसात कनेक्टरमध्ये ओल शिरून आकडे उड्या मारू लागले होते. डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीजजोडण्यांत ओल शिरू न देणारं ग्रीस) लावल्यापासून ते थांबलं. सोबत आलेले नळी आवळायचे क्लॅम्प वापरू नका, इंजेक्शन लाइनचे वेगळे घ्या. सेन्सर थेट इंजिनवर ठेवला तर थरथरीने लवकर जातो, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) बसवा.

पेट्रोलची नळी केबिनमध्ये नेणारा मेकॅनिकल गेज कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. सेन्सरसाठी पेट्रोलच्या लाइनमध्ये टी-जॉइंट बसवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. टाकीच्या आतली नळी बदलायची असेल तर पेट्रोलमध्ये बुडून राहणारी, जे 30 आर 10 छापलेलीच मागा. साधी फ्युएल होज आत फुगते.