साहेबांचं कॉलेज की जुनं अनुदानित? आमच्या घरातला अनुभव

बारावीचा निकाल लागला की कोरेगावात आमच्या दुकानावर येणारा प्रत्येकजण हेच विचारतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझा थोरला हायवेलगतच्या एका विनाअनुदानित कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर झाला, धाकटी साताऱ्यात जुन्या अनुदानित कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्री करतेय. कोर्स वेगळे आहेत हे मान्य. फी किती आणि बिल्डिंग कशी हे तुम्हाला माहितीच आहे, ते सोडतो. नावंही घेत नाही.

खासगीचं चांगलं आधी सांगतो. बस दारात यायची, प्रॅक्टिकलला प्रत्येकाला वेगळा पीसी, आणि एका कंपनीशी करार होता म्हणून तिच्या नावाची लॅब. दुसऱ्या वर्षी करार संपला, त्याबरोबर सॉफ्टवेअरचं लायसनही संपलं, पोरांचं शिकणं अर्ध्यावर राहिलं आणि लॅबवरची पाटी तेवढी चकचकीत राहिली. तरी एवढ्यावरून मी नावं ठेवली नसती. उद्योगपतीचा पैसा आला म्हणजे वाटोळंच होतं असं नाही, सांगलीचं वालचंद इंजिनीअरिंग कॉलेज 1947 पासून उभं आहे, नाव देणगीदार घराण्याचं, पण तिथली डिग्री म्हटलं की अजून लोक मान देतात. आणि 1983 ला वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं नसतं तर आपली कितीतरी पोरं डोनेशन भरून कर्नाटकातच गेली असती, हेही खरंय.

माझं डोकं फिरलं ते हजेरीवरून.

संस्थेचे साहेब राजकारणातले. वाढदिवस आला की तास बंद, पोरं कॉलेजच्याच बसमध्ये भरून कार्यक्रमाला, आणि हजेरीचा कागद मंडपात फिरायचा. पहिल्या वर्षी आम्ही घरात हसलो, म्हटलं चला, जेवण तरी मिळालं. तिसऱ्या वर्षी पोराचा प्रोजेक्ट तोंडावर आलेला, तो मंडपात न जाता घरी कोड लिहीत बसला, आणि त्याचे नेमके तेच दोन दिवस गैरहजर लागले, आधीच आजारपणात दिवस गेलेले, त्यामुळे 75 टक्क्यांच्या अटीत अडकला. मी त्याच्या सरांना भेटायला गेलो. सर तरुण होते, माणूस चांगला, त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "काका, आमची सही पण त्याच कागदावर असते." मी पुढं काय बोलणार? अर्ज दिला, दंड भरला, परीक्षेला बसला पोरगा. पण धाकटीचं त्या खोलीतच ठरलं.

आता अनुदानित म्हणजे काही सोवळं आहे असं अजिबात नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, निम्मे तास सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, घेतात, त्यांना तासाप्रमाणे पैसे आणि तेही वेळेवर नाहीत. लॅबमध्ये चालू वजनकाटे दोन, त्यासाठी रांग. एसटीचं तर विचारूच नका. मॅनेजमेंटमध्ये पुढारी तिथंही असतातच. आणि सरकारी पैशाला दोरी नसते असं समजू नका, गांधीहत्येनंतरच्या काळात कर्मवीर भाऊराव अण्णांच्या भाषणावरून त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं अनुदान त्यावेळच्या मुंबई सरकारनं 1948 ला बंद केलं होतंच की. अण्णांनी लोकांकडं झोळी पसरली म्हणून संस्था तरली.

तरी एक फरक मला दिसला, माझ्यापुरता म्हणा हवं तर. मागच्या वर्षी धाकटीच्या कॉलेजात कुणीतरी मोठा पाहुणा येणार होता, शिपाई लॅबमध्ये सांगत आला, सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचंय. यांचं टायट्रेशन चालू होतं. मॅडम कायम नोकरीतल्या, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. मान वर न करता म्हणाल्या, "रंग बदलल्याशिवाय ब्युरेट सोडून कुणी हलायचं नाही, पाहुण्यांना चहा द्या तोवर." शिपाई गेला, बस्स. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, मी मुद्दाम विचारलं. तोच निरोप थोरल्याच्या त्या सरांकडं आला असता तर ते काय करू शकले असते, सांगा. त्यांची नेमणुकीची ऑर्डर दर जूनला नव्यानं निघायची.

सगळी खासगी कॉलेजं अशीच असतील असं मी म्हणत नाही, चांगलीही असतील, प्लेसमेंटचं गणित तुमचं तुम्ही बघा. फक्त कॅम्पस बघायला जायचंच असेल तर साहेबांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात जा. तारीख कुणाला विचारायला नको, स्टँडवर बॅनर लागलेलेच असतात.