किडनी तपासायला युरिया की क्रिएटिनिन?

मे महिन्यात रावेर-यावलकडे केळीच्या बागेत दिवसभर राबलेल्या माणसाचं रक्त तपासलं, तर युरिया (प्रथिनांपासून बनणारा, किडनीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेला दिसू शकतो. लगेच किडनी गेली असं नाही. अंगातलं पाणी आटलं की किडनी युरिया परत रक्तात ओढून घेते. भरपूर प्रथिनं खाल्ली किंवा पोटात रक्तस्राव झाला तरी तो चढतो. त्यात काही लॅब युरिया लिहितात, काही बीयूएन (म्हणजे युरियातलं फक्त नायट्रोजन). बीयूएन 20 म्हणजे युरिया साधारण 43, त्यामुळे दोन लॅबचे आकडे सरळ शेजारी ठेवू नका.

क्रिएटिनिन त्यामानाने भरवशाचं. हाही किडनीच बाहेर टाकते असा टाकाऊ पदार्थ, पण तो स्नायूंमधून रोज जवळपास सारख्याच प्रमाणात तयार होतो. पण खोट इथेच आहे: स्नायू कमी, तर क्रिएटिनिनही कमी. 1.2 हा आकडा 25 वर्षांच्या तरुणाला शोभतो, त्याचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा क्रिएटिनिन, वय आणि लिंगावरून काढलेला अंदाज) 86च्या आसपास येतो. तोच 1.2 पंचाहत्तरीतल्या वाळलेल्या आजीचा असेल तर ईजीएफआर 47! रिपोर्टवर मात्र 'नॉर्मल'च्या जवळपास, म्हणून घरचे निर्धास्त. (आदल्या रात्री मटणाचा रस्सा झाला असेल तर तेही सांगा, आकडा थोडा वर सरकतो.)

एकच तपासणी करायची तर मी क्रिएटिनिन निवडेन, तेही ईजीएफआरसकट. युरिया सोबत असला तर पाणी कमी पडलंय का, हे ताडायला डॉक्टरांना मदत होते. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ 60च्या खाली राहिला, तर तो उन्हाळ्यावर ढकलू नका.