न्यूटनीय की कॅसन?

अरुंद धमनीतल्या रक्तप्रवाहाच्या प्रकल्पासाठी कोणतं गणिती प्रारूप घ्यावं, रक्ताचा दाटपणा कायम एकच धरणारं न्यूटनीय की प्रवाहानुसार तो बदलतो असं धरणारं कॅसनचं, या पेचात एक विद्यार्थिनी आहे.

मेहनतीत न्यूटनीय सोपं. श्यानता (दाटपणा) एकच, साधारण ०.००३५ पास्कल-सेकंद. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा रोध १६ पट, हे कागदावरच दिसतं. कॅसनचं समीकरण मुळात छपाईच्या शाईसाठीचं. त्यात प्रवाह सुरू व्हायला लागणारा किमान ताणही घ्यावा लागतो आणि तो हिमॅटोक्रिटनुसार, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणानुसार, बदलतो.

अचूकता? मोठ्या धमनीत कर्तन दर (रक्ताचे थर एकमेकांवरून किती झपाट्याने सरकतात तो दर) सेकंदाला १०० च्या वर असेल तर उत्तरं जवळपास सारखीच. खरा फरक अडथळ्याच्या लगेच पुढे पडतो. तिथे भोवरा होतो, वेग मंदावतो, तांबड्या पेशींच्या चवडी लागतात, रक्त दाटतं. न्यूटनीय प्रारूपाला हे दिसतच नाही, आणि मला तीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते.

कॅरोटिडमधली (मानेतल्या मोठ्या धमनीतली) दाबाची घट काढायची तर न्यूटनीय पुरेल. बारीक धमन्या किंवा तो भोवरा अभ्यासायचा तर कॅसनच घ्या.