अकॅडमीचा करार की अकरावीचा फॉर्म?

दहावीचा निकाल लागला की परभणीत आमच्या फुटबॉलच्या मैदानावर दरवर्षी एखादा तरी बाप प्लास्टिकची फाईल घेऊन येतो. यंदाचे गृहस्थ पूर्णा तालुक्यातले. म्हणाले, "सर, लेकरू खेळायलंय भारी. पुण्याकडून सहीला कागद आलाय, पण आम्हाला काही उमजंना." कागद अकरा पानी, सगळा इंग्रजीत. पहिल्या पानावर 'करार' हा शब्द ठळक. सातव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं: वर्षाची फी तीन लाख, कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही.

म्हणजे तो करार नव्हताच, प्रवेशाची पावती होती.

अकॅडमी आणि कॉलेज यांची तुलना करण्याआधी हा घोळ मिटवायला हवा. 'अकॅडमी' या एका शब्दात तीन वेगळे व्यवहार दडलेले असतात. एकात पैसे तुम्ही भरता. दुसऱ्यात पगार नसतो, पण राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण सगळं संस्थेकडून. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स किंवा जमशेदपूरला 1987 पासून चालणारी टाटा फुटबॉल अकॅडमी या जातीच्या. तिसऱ्यात क्लब मुलाला पगार देतो, आणि खरा व्यावसायिक करार तेवढाच. माझ्या वीस वर्षांत सोळाव्या वर्षी हा तिसरा कागद हातात पडलेला आपल्याकडचा मुलगा मी पाहिलेला नाही. दुसरा दोनदा पाहिला. पहिला दरवर्षी बघतो.

तीन लाख म्हणजे किती, ते पूर्णेच्या त्या गृहस्थांना मी सोयाबीनमध्ये सांगितलं. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे छप्पन क्विंटल. कोरडवाहूला एकरी पाच-सहा क्विंटल धरले तर दहा एकरांचं पीक, खर्च न वजा करता, आणि तेही हमीभाव खरंच हाती पडला तर. हे एका वर्षाचं. त्यांची जमीन चार एकर.

तरीही अकॅडमीची बाजू हलकी नाही. आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चेंडू चिखलात रुततो. त्यामुळे आमची पोरं पाय जोरात घालायला शिकतात, पण चेंडू अलगद घ्यायला शिकत नाहीत. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून मुंबईला ट्रायलला नेलेलं पोर टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, उतरलं की पहिली दहा मिनिटं चेंडूच्या मागे धावत असतं, कारण तिथे चेंडू थांबतच नाही. ते सावरेपर्यंत निवड करणाऱ्याने वहीत दुसऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. ही उणीव कॉलेजात जाऊन भरून निघत नाही. चांगली अकॅडमी ती दोन-तीन वर्षांत भरून काढते, पण वय तेरा-चौदा असताना. अठराव्या वर्षी नव्हे.

दुसरी गोष्ट सामन्यांची. कॉलेजातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीची असते. पहिला सामना हरलात की हंगाम संपला, पुढच्या वर्षी या. जिंकलात तर विद्यापीठाचा संघ, त्याचं छोटं शिबिर, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. पोरगं नशिबवान असेल तर वर्षात आठ-दहा चांगले सामने होतात. क्लबच्या अकॅडमीतल्या मुलाला वयोगटाच्या लीगमधून त्याच्या कितीतरी पट सामने मिळतात. फुटबॉल सामन्यांतच शिकला जातो. त्यामुळे 'कॉलेज करत करत खेळ' हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटला, तरी खेळाच्या बाजूने तो तोट्याचा आहे.

मग कॉलेजच्या पारड्यात काय उरतं? कागद. हसू नका, महाराष्ट्रात त्या कागदाला वजन आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचं लागतं आणि क्रीडा विभाग त्याची पडताळणी करतो. शालेय स्पर्धा, आंतरविद्यापीठ, राज्य संघटनेच्या स्पर्धा यांना तिथे किंमत आहे. खासगी अकॅडमीने स्वतःच भरवलेल्या 'नॅशनल कप'चं चकचकीत प्रमाणपत्र तिथे रद्दीच्या भावाने जातं. एका मुलाची अशी अख्खी फाईल मी पाहिली आहे. एकवीस प्रमाणपत्रं, कामाचं एकही नाही. तीन वर्षं पैसे भरून मिळवलेली. त्या अकॅडमीने त्याला एकाही शासकीय शालेय स्पर्धेला सोडलं नव्हतं.

पोरं हटकून सुनील छेत्रीचं नाव काढतात. त्याने शिक्षण अर्धवट सोडलं आणि 2002 मध्ये मोहन बागानशी करार केला, हे खरंच आहे. पण छेत्री देशाला एक मिळाला. मी त्यांना त्यापेक्षा कोल्हापूरच्या अनिकेत जाधवकडे बघायला सांगतो. तो 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला, आणि आला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या व्यवस्थेतून. घर गहाण न टाकता वर जाण्याची ती वाट आपल्या जिल्हा क्रीडा कार्यालयातूनच सुरू होते, आणि नेमकी तिचीच चौकशी कोणी करत नाही.

खरा पगारी करार मिळाला, तरी क्लब टिकेल का हा प्रश्न राहतोच. पुण्याचंच बघा. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी: 2015 ते 2019 या काळात एकामागून एक चौघांचाही गाशा गुंडाळला गेला. 2025 च्या जुलैत तर आयएसएलचा, म्हणजे देशातल्या इंडियन सुपर लीगचा, हंगामच लांबणीवर पडला आणि त्यानंतर काही क्लबांनी पहिल्या संघाचे पगार थांबवले. तिथे नावाजलेले खेळाडू अडकले होते, आपल्या पोराची काय कथा. क्लब बंद पडला की एकोणीस वर्षांचा मुलगा देवगिरीने परत येतो, आणि त्याच्याकडे बारावी नसेल तर पोलीस भरतीचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही.

अमेरिकेत हा पेच वेगळा आहे. तिथे कॉलेजचा फुटबॉल हीच व्यावसायिक लीगकडे जाणारी एक वाट, आणि पगारी करार केला की कॉलेजकडून खेळण्याचा हक्क जाण्याची भीती. म्हणून तिथल्या घरात खरोखर एकच निवडावं लागतं. आपल्याकडे कॉलेजचे सामने बघायला क्लबचा माणूस येत नाही, ही वाईट बाजू. चांगली बाजू ही की करार केल्याने शिक्षण थांबत नाही. बारावी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून, पदवी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करता येते. फक्त परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळेल, हे करारात लिहून घ्यायला हवं.

कागदाबद्दल थोडं. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही कायद्याने बांधील नसते, म्हणून पालकाची घेतात. बांधले जाता तुम्ही. फिफाच्या नियमानुसार अठराच्या आतील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा चालत नाही. पाच वर्षं लिहिलेली दिसली तर तिथेच थांबा. काही अपवाद सोडले तर अठराच्या आत परदेशी क्लबकडे बदलीही होत नाही. त्यामुळे पंधरा वर्षांच्या पोराला 'स्पेनला खेळवतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, हे वाचाच. बहुतेक कागदांत त्यावर एक ओळही नसते.

मुलींचं गणित याहून अवघड आहे. तिथे पगारी करार फारच थोडे. शिष्यवृत्तीची जागा मिळाली तर जरूर जाऊ द्या, पण पदवी सोडायची नाही, एवढंच सांगतो.

माझं मत विचाराल तर असं. पंधराच्या आत, राहणं-जेवण-शाळेसकट फुकट जागा मिळत असेल, तर आईच्या डोळ्यांत पाणी आलं तरी पाठवा. फी भरून असेल तर अकरावी, आणि त्या पैशातल्या दहाव्या हिश्शात चांगले बूट आणि वर्षातून चार ट्रायलचा प्रवास. अठराव्या वर्षी खरा पगारी करार आला तर सही करा आणि त्याच आठवड्यात मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरा.

पूर्णेच्या गृहस्थांना मी तीन प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला लावले, फोनवर नाही. मुलगा वर्षात किती लीग सामने खेळेल, दुखापतीचा खर्च कोण करेल, आणि मध्येच काढून टाकलं तर उरलेली फी परत देणार का. पाच दिवस झाले. वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. काल ते अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा ओटीपी येईना म्हणून माझ्याकडे आले होते. पोरगं बाहेर भिंतीवर चेंडू मारत होतं.