एसपीएसएस की आर?

भाचीचा पीएचडीचा विषय आहे तारकर्लीतल्या पर्यटकांचं समाधान. प्रश्नावल्या भरून झाल्या, आता गाडी अडलीय: विश्लेषण एसपीएसएसमध्ये करू की आरमध्ये? दोन्ही संख्याशास्त्रीय विश्लेषणाची सॉफ्टवेअर.

खर्चात तुलनाच नाही. आर फुकट आहे. एसपीएसएसचा परवाना आयबीएमकडून विकत घ्यावा लागतो, आणि विद्यापीठाचा परवाना सहसा तिथून बाहेर पडलं की संपतो.

शिकायला मात्र एसपीएसएस सोपं. १९६८ पासून समाजशास्त्रांच्या गरजेतूनच ते घडत आलंय. ‘१ म्हणजे पूर्ण असहमत, ५ म्हणजे पूर्ण सहमत’ ही लेबलं व्हेरिएबल व्ह्यूमध्ये (प्रत्येक प्रश्नाचा तपशील भरायच्या खिडकीत) भरली की क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा, मेनूतूनच मिळतो. आरमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागतात, त्यामुळे सुरुवातीला कंस आणि स्वल्पविरामच छळतात.

तरी माझा जीव आरवर आहे. मार्गदर्शक म्हणाले, ‘अर्धवट भरलेल्या प्रश्नावल्या वगळून पुन्हा काढा’, तर स्क्रिप्टमधली (लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या फाइलमधली) एक ओळ बदलायची, सगळे तक्ते नव्याने हजर. एसपीएसएसमध्येही ‘पेस्ट’ दाबून सिंटॅक्स, म्हणजे मेनूतून निवडलेल्या आज्ञांचा लेखी मजकूर, जपता येतो. तो जपाच, बरेच जण विसरतात.

दोन महिन्यांत प्रबंध द्यायचाय आणि परवाना हाताशी आहे, तर एसपीएसएस. पुढे संशोधनात किंवा डेटा सायन्समध्येच राहायचं असेल, तर आजपासूनच आर.